योंका आणि तिसरा गिअर

राडोवो गावात योंका राल्चेवाला सगळे ओळखायचे ते शाळेच्या खानावळीतली बाई म्हणून. एकसष्ट वर्षांची, बुटकी, रुंद खांद्यांची, डोक्याला कायम रुमाल बांधलेली. पोरांना सूप वाढताना ती वाडगं काठोकाठ भरायची आणि टेबलावर एक थेंब सांडायची नाही. पोरांना त्यात काही विशेष वाटत नसे. गावालाही नाही. त्या आधी सत्तावीस वर्षं हेच हात काय करत होते, हे आठवायला कुणाला सवड नव्हती.

सत्तावीस वर्षं योंका गावाबाहेरच्या हायड्रॉलिकच्या कारखान्यात तपासणीच्या बाकावर बसत होती. ट्रॅक्टरचे, क्रेनचे, बंदरातल्या यंत्रांचे व्हॉल्व्ह तयार होऊन तिच्यासमोर यायचे. ती त्यात तेल सोडायची, दाब चढवायची, गेजच्या काट्यावर नजर ठेवायची आणि मग शिक्का मारायची. तिने पास केलेला व्हॉल्व्ह तक्रार घेऊन परत आला, असं सत्तावीस वर्षांत चारदा झालं. ते चारही व्हॉल्व्ह तिला नंबरासकट पाठ होते. पुढे कारखाना बंद पडला. शेवटच्या दिवशी कुणी खुर्ची नेली, कुणी पान्यांची पेटी नेली. योंकाने तिचं गेज आणि त्याच्या जोडणीच्या तुकड्यांचा पत्र्याचा डबा एप्रनमध्ये गुंडाळला आणि ती घरी आली. पुढे काही वर्षं गुलाबाच्या मळ्यांत फुलं तोडली, मग खानावळ.

तिचा नवरा मिन्को मधमाश्या पाळायचा. आठ वर्षांपूर्वी जंगलात लाकडं भरताना ओंडका घसरला आणि त्याचा डावा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. पहिलं वर्षभर तो खिडकीपाशी बसून राहिला. बोलायचा नाही, दाढी करायचा नाही. पोळ्यांकडे योंकाच बघायची. मग त्यांच्या मुलीने जर्मनीहून एक जुनी गाडी पाठवली. रंग उडालेली, बिस्किटी, वीस वर्षांची, पण ऑटोमॅटिक. क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाचं कामच नाही. ज्या दिवशी मिन्कोने ती पहिल्यांदा अंगणातून बाहेर काढली, त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत परतला नाही. योंकाचा जीव टांगणीला लागला होता. तो आला तेव्हा त्याच्या अंगाला तीन गावांची धूळ होती आणि तो शीळ घालत होता.

तेव्हापासून ती गाडी म्हणजे मिन्कोचा पाय होता. मागे ट्रेलर जोडून तो पोळ्यांच्या पेट्या फुलोऱ्यामागे फिरवायचा. आधी खालच्या शेतात, मे महिन्यात डोंगर ओलांडून डॅन्यूब नदीकडच्या अकेशियाच्या झाडांच्या रानात, मग सूर्यफुलांकडे. अकेशियाचा मध सगळ्यात उत्तम. पण तो बहर टिकतो जेमतेम दहा दिवस. पेट्या वेळेवर पोचल्या तर पोचल्या.

त्या वर्षी मेच्या सुरुवातीला, संत गेओर्गीच्या सणाला दोघं मिन्कोच्या बहिणीकडे कोकराचं जेवण जेवून परत येत होते. चढावर गाडीने अचानक हिसका दिला. मग इंजिन नुसतंच भुंकायला लागलं. आवाज वाढला, वेग मात्र नाही. दोन-तीन क्षणांनी खाडकन काहीतरी बसलं आणि गाडी पुढे झेपावली. योंकाच्या मांडीवरचं उरलेल्या कोकराचं भांडं समोर आपटलं.

"हे काय होतं?" तिने विचारलं.

"काही नाही. रस्ता खराब आहे."

"मिन्को, रस्ता गुळगुळीत आहे. काचेवर रस्सा आहे."

मिन्कोने वेग कमी केला. घरी आल्यावर, गाडी उभी केल्यावर, स्टीअरिंग न सोडता तो म्हणाला, "दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना असं करते. फेब्रुवारीपासून."

"फेब्रुवारीपासून? आणि मला आज सांगतोयस?"

"सांगून काय झालं असतं? तेल कमी होतं म्हणून दर पंधरा दिवसांनी थोडं घालतो, की चालते." तो थांबला. "योंके, मला भीती वाटत होती. कुणी उघडून बघितली आणि म्हणालं की संपली, तर?"

योंकाने त्याच्याकडे नीट पाहिलं. खिडकीपाशी बसलेला, दाढी वाढलेला माणूस तिला पुन्हा दिसायला लागला होता. ती एवढंच म्हणाली, "आत चल. रस्सा मी पुसते."

दुसऱ्या दिवशी गाडी रांगेलच्या वर्कशॉपात नेली. रांगेल चाळिशीचा, हुशार, पण सदा घाईत. त्याने गाडी एक चक्कर फिरवली, उतरला, आणि कपाळाला हात लावला.

"गिअरबॉक्स मेलाय. दुसऱ्या गाडीचा जुना शोधायला लागेल. मिळायला महिना, कदाचित दोन."

"अकेशिया पंधरा दिवसांत फुलतोय," मिन्को म्हणाला.

"मग अकेशियाला सांगा थांबायला."

योंका मागे उभी होती. तिने विचारलं, "दाब मोजलास?"

"काय?"

"तेलाचा दाब. गिअरबॉक्समध्ये पंप असतो ना? तो दाब किती देतोय ते बघितलंस?"

रांगेलची पोरं हसली. रांगेलही हसला. मनाने वाईट नव्हता तो. "मावशी, या वयात दाब तुमचा मोजून घ्या. हे ऑटोमॅटिक आहे. याच्या आत देवसुद्धा हात घालत नाही."

परतीच्या वाटेवर योंका आतून उकळत होती. रांगेल हसला म्हणून नव्हे. न मोजता त्याने निकाल दिला, म्हणून. सत्तावीस वर्षांत न मोजता तिने एकही व्हॉल्व्ह भंगारात टाकला नव्हता. घरी येताच तिने कपाटावरचा पत्र्याचा डबा खाली काढला. झाकणावरची धूळ पुसताना तिची बोटं आपोआप भराभर चालायला लागली.

"काय करतेयस?" मिन्कोने विचारलं.

"बघणार आहे."

"योंके, तो ट्रॅक्टरचा व्हॉल्व्ह नाहीये."

"तेल आहे ना आत? पंप आहे, व्हॉल्व्ह आहेत, तेल दाबाने इकडून तिकडे जातं आणि कामं करतं. मग माझ्यासाठी तो ट्रॅक्टरच. फक्त जरा नखरेल."

मुलीला फोन करून तिने त्या गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकाची पानं मागवली. मुलीने शंभरएक पानं पाठवली, सगळी जर्मनमध्ये. योंकाला जर्मन येत नव्हतं, पण तेलाच्या वाटांचे नकाशे तिला आपल्या गल्लीसारखे वाचता येत होते. शाळेच्या छपाईयंत्रावर काढलेली ती पानं तिने स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवली आणि रात्रीच्या जेवणाच्या आतच लाल पेन्सिलीने भिंत रंगवून टाकली.

रोज दोन वाजता खानावळ आवरून ती घरी यायची आणि थेट गॅरेजात शिरायची. गॅरेजात गाडीखाली उतरायला खड्डा होता. मिन्कोला त्यात उतरता येत नसे, म्हणून तो काठावर स्टूल टाकून बसायचा आणि दिवा धरायचा.

पहिल्या दिवशी तिने फक्त तेल पाहिलं. गाडी गरम केली, इंजिन चालू ठेवलं, तेलाची पट्टी काढून एक थेंब पांढऱ्या कागदावर सोडला. थेंब पसरला, तांबूस तपकिरी. तिने नाकाजवळ नेला, मग मिन्कोच्या नाकाजवळ.

"जळका वास येतो?"

"नाही. तेलाचा येतो."

"काळी पूड दिसते?"

"नाही."

"म्हणजे गिअर पकडणाऱ्या आतल्या चकत्या जळलेल्या नाहीत!" ती जवळजवळ ओरडलीच. "मेला म्हणे. मेलेल्याचं रक्त असं असतं होय?"

मग प्रश्न असा की, दर पंधरा दिवसांनी कमी होणारं तेल जातं कुठे? तिने गाडीखाली कोरे पुठ्ठे पसरले. दुसऱ्या दिवशी पुठ्ठे कोरेच. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचा डोब्री डोकावला. डोब्री निवृत्त बसचालक, जिभेने तिखट, आणि दिवसभर मोकळा.

"काय योंका, गाडीला अंडी घालायला पुठ्ठे टाकलेस का?"

"तेल शोधतेय. खाली पडत नाही, तरी कमी होतं."

"मग वर जात असेल. सकाळी चालू करता तेव्हा पांढरा धूर केवढा निघतो! माझी बायको म्हणते, मिन्को गाडीत मिरच्या भाजतो."

योंका जागच्या जागी थांबली. पांढरा धूर. तेल धुरात. म्हणजे इंजिनात. गिअरबॉक्समधलं तेल इंजिनात जायला वाट कुठे आहे? ती धावत स्वयंपाकघरात गेली, भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवलं आणि एका ठिकाणी थांबली. गिअरबॉक्सच्या कुशीला एक लहानशी गोल डबी होती. तिच्यातून एक रबरी नळी थेट इंजिनाकडे जात होती. त्या नळीतून इंजिन हवा ओढतं, डबीतला रबरी पडदा हलतो आणि त्यावरून गिअरबॉक्सला कळतं की गाडीवर भार किती आहे, गिअर हळुवार टाकायचा की जोरात.

ती खड्ड्यात उतरली. नळी उपटली. नळीच्या टोकातून लालसर तेल तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तिथे हवा असायला हवी होती.

"मिन्को! पडदा फाटलाय! इंजिन पितंय गिअरबॉक्सचं तेल!"

मिन्कोने वरून वाकून पाहिलं. तिच्या हातावरचं तेल पाहून त्याच्या चेहऱ्यावर तीन महिन्यांत पहिल्यांदा हसू फुटलं. "म्हणजे या घरात पिणारा मी एकटाच नव्हतो."

डबी स्तारा झागोरा शहरातल्या दुकानात मिळाली आणि बसच्या चालकाबरोबर दुसऱ्या दिवशी गावात पोचली. योंकाने ती बसवली, तेल भरलं, आणि दोघं चक्कर मारायला निघाले. पहिल्यातून दुसऱ्यात गाडी गेली ती लोण्यातून सुरी जावी तशी. हिसका नाही, धूर नाही. आता दुसऱ्यातून तिसरा...

इंजिन भुंकलं. नुसताच आवाज. मग खाडकन.

मिन्कोने गाडी बाजूला घेतली. "अर्धं झालं," तो म्हणाला. पण त्याचा आवाज पडला होता. "राहू दे, योंके. खूप केलंस."

"अर्धं झालं म्हणतोयस आणि राहू दे म्हणतोयस?"

घरी डोब्री कुंपणावर वाटच बघत होता. "कसा आहे पेशंट?"

"अर्धा बरा आहे," योंका म्हणाली.

"कुठला अर्धा? पुढचा की मागचा?"

त्याच संध्याकाळी डॅन्यूबकडून स्पासचा फोन आला. मिन्को दरवर्षी त्याच्या रानात पेट्या ठेवायचा. स्पास म्हणाला, "कळ्या पांढऱ्या झाल्यात रे. उमलायला आठ दिवस. फार तर नऊ."

आता गेजची पाळी होती. गिअरबॉक्सला दाब मोजण्यासाठी एक छोटं भोक असतं, बोल्टने बंद केलेलं. योंकाच्या डब्यातल्या जोडणीच्या तुकड्यांपैकी एकाचा आटा जवळजवळ जुळत होता. तिने तो कानशीने आणि धीराने पूर्ण जुळवला. भोकाला लांब नळी लावली, नळी खिडकीतून आत घेतली आणि गेज मांडीवर ठेवून ती मिन्कोच्या शेजारी बसली. गाडी चालू झाली. काटा थरथरला आणि सरळ वर चढून जिथे असायला हवा तिथे उभा राहिला. इतक्या वर्षांनी मांडीवर जिवंत काटा! योंकाने गेज दोन्ही हातांनी धरलं.

"पंप ठणठणीत आहे," ती म्हणाली. "चल. रस्त्यावर घे. आणि तिसरा पडताना मला सांगू नकोस, मला कळेल."

गाडी वेग घेत गेली. पहिला, दुसरा. मग तो भुंकण्याचा क्षण आला. योंकाची नजर काट्यावर खिळली होती. काटा पडला नाही. जरासुद्धा नाही.

"पुन्हा!"

"अगं, गाडी..."

"पुन्हा, मिन्क्या!"

त्यांनी राडोवोचा रस्ता सहा वेळा पालथा घातला. बसथांब्यावरच्या बायका आधी बघत राहिल्या, चौथ्या फेरीपासून हात हलवायला लागल्या. सहाही वेळा इंजिन भुंकलं आणि सहाही वेळा काटा जागचा हलला नाही.

"आता ऐक," योंका त्याच्याकडे वळून म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. "दाब पडला असता तर कुठेतरी मोठी गळती असती, आणि मग रांगेल खरा ठरला असता. पण दाब तयार उभा आहे. नळाला पाणी आहे, चावीच उशिरा उघडतेय. एक व्हॉल्व्ह अडकतोय, मिन्को. एकच!"

"तो कुठे असतो?"

"तळाशी. सगळे व्हॉल्व्ह एका ठोकळ्यात असतात. तो खाली काढायचा."

मिन्कोने गाडी थांबवली. "आत्ता गाडी निदान धक्के खात चालते. तू ते सगळं उघडलंस आणि परत जुळलं नाही तर? मग मी..." उरलेल्या मांडीवर हात ठेवून तो समोर बघत राहिला.

योंका हळू आवाजात म्हणाली, "मी नाही म्हणत की नक्की जमेल. पण अशीच घेऊन डोंगर चढलास तर वळणावर नुसतीच भुंकत उभी राहील, मागे ट्रेलर आणि चौदा पेट्या घेऊन. ते मी होऊ देणार नाही. आणि जुळवायचं म्हणशील, तर मी एकटी नाही जुळवणार. तू वर टेबलाशी बसायचंस. मी काढेन, तू मांडायचंस."

मिन्को तिच्याकडे वळला. "पोळ्याच्या चौकटी मांडतो तसं?"

"तसंच."

शनिवारी सकाळी तिने खड्ड्यात परात ठेवून तेल सोडलं, तळाचं झाकण उतरवलं आणि तो ठोकळा दोन्ही हातांवर तोलून स्वयंपाकघरात आणला. पावाएवढा, ॲल्युमिनियमचा, आत नागमोडी वाटाच वाटा. टेबलावर पांढरी चादर पसरली होती. मिन्कोने बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर प्रत्येक तुकड्याची जागा काढून ठेवली होती, माणसांची चित्रं काढावी तशी. स्प्रिंग आली की तो तिचे वेटोळे मोजायचा, लांबी लिहायचा, तिच्या जागी ठेवायचा. मिरीएवढ्या पोलादी गोळ्या निघाल्या. त्या त्याने एकेक करून खळग्यात ठेवल्या. त्याच्या बोटांत मधमाश्यांची शिस्त होती. तासभर स्वयंपाकघरात सण असल्यासारखं वाटत होतं.

मग योंकाने व्हॉल्व्ह तपासायला घेतले. बोटाएवढे, गुळगुळीत, आपापल्या भोकात बसलेले. हे तिचं जुनं काम. स्वच्छ तेलाचा थेंब लावायचा, व्हॉल्व्ह भोकात सोडायचा आणि ठोकळा तिरपा करायचा. व्हॉल्व्हने आपल्या वजनाने घसरत जायला हवं. ढकलायचं नाही, ठोकायचं नाही.

पहिला घसरला. दुसरा घसरला. तिसरा, चौथा, पाचवा... मिन्को प्रत्येकाला पुठ्ठ्यावर खूण करत होता. नववा निम्म्यापर्यंत आला आणि थांबला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

तिने ठोकळा आणखी तिरपा केला. व्हॉल्व्ह हलला नाही. बोटाने टिचकी मारली, तेव्हा कुठे टक्कन खाली गेला.

"कुठला आहे तो?" तिने विचारलं. नकाशा तिला पाठ होता, पण तिला ते मिन्कोच्या तोंडून हवं होतं.

मिन्कोने भिंतीवरचा कागद पाहिला, पुठ्ठा पाहिला. "दुसऱ्यातून तिसऱ्यात नेणारा," तो म्हणाला आणि टेबलावर मूठ आपटली. "सापडला, च्यायला!"

मूठ आपटली आणि चादर हादरली. खळग्यातली एक गोळी उडाली, टेबलाच्या कडेला टिंग वाजली आणि नाहीशी झाली.

"हलू नकोस!" योंका किंचाळली. नेमका त्याच क्षणी डोब्री दारातून आत येत होता, हातात बायकोने पाठवलेल्या बानित्साची, चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या रोटीची, ताटली घेऊन. तो एक पाय उंबऱ्यात आणि एक बाहेर असा जागीच गोठला.

"मी काय केलं?"

"श्वास घे, पण पाय हलवू नकोस!"

योंका लोहचुंबक घेऊन गुडघ्यांवर बसली. टेबलाखाली, चुलीखाली, दोन फरश्यांच्या फटींत. काही नाही. मिन्को घामाघूम झाला होता. त्या एका गोळीवाचून सगळा ठोकळा बिनकामाचा होता. योंका सरपटत डोब्रीच्या पायांशी आली आणि त्याच्या विजारीच्या दुमडलेल्या काठावरून चुंबक फिरवलं. टक्.

"सव्वीस वर्षं बस चालवली," डोब्री ताटली सावरत म्हणाला, "पण बाईने पाय धरायची ही पहिलीच वेळ."

मिन्को इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिघांनी उभ्याउभ्याच बानित्सा खाल्ली, टेबलापासून चार हात दूर.

भिंगाखाली दोष दिसला. व्हॉल्व्हच्या अंगावर केसापेक्षा बारीक एक ओरखडा होता आणि त्याच्या टोकाला धातूचं कुसळ उभं राहिलं होतं. योंकाने सगळ्यात बारीक पॉलिशकागद तेलात भिजवला, काचेवर ठेवला आणि व्हॉल्व्ह त्यावर अगदी सपाट फिरवला. दोनच फेरे. मग बोटाने चाचपून पाहिलं.

"आणखी घास ना," मिन्को म्हणाला.

"आणखी घासला तर कड बोथट होईल. कड बोथट झाली की व्हॉल्व्ह गेला. कुसळच काढायचं, कडेला हात लावायचा नाही."

मग तिने तो धुतला, तेल लावलं, भोकात सोडला आणि ठोकळा अगदी किंचित कलता केला. व्हॉल्व्ह मऊ आवाज करत टोकापर्यंत घसरत गेला. तिने पुन्हा केलं. पुन्हा केलं. पंधरा वेळा केलं. नंतरच्या दहा वेळा गरज म्हणून नव्हे. तिला तो आवाज ऐकायचा होता.

जुळवणी रविवारी झाली. मिन्को वरून एकेक बोल्ट हातात द्यायचा आणि क्रम सांगायचा, मधल्यापासून बाहेर. योंका खड्ड्यात मान मोडून ते आवळायची. तेल गाळायची नवी जाळी, नवं पॅकिंग, नवं तेल. चार वाजता ती वर आली तेव्हा कपाळापासून हनुवटीपर्यंत तेलाने लाल होती.

"चालू कर."

इंजिन सुरू झालं. मिन्कोने गिअरची दांडी मागे ओढली. गाडीने हलकेच अंग हलवलं. अंगणातून ती बाहेर पडली, डोब्रीच्या दारावरून गेली. डोब्री पायरीवर उठून उभा राहिला. बसथांबा गेला. मोकळा रस्ता आला. मिन्कोने वेग वाढवला.

"आता येईल," तो दातांतून म्हणाला. "आता दुसऱ्यातून तिसरा. तयार राहा."

योंका शेजारून वेग आणि इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्यांकडे बघत होती. गाडी धावत होती, शेतं मागे पडत होती.

"काय गं, अजून कसा येत नाही? तिसरा पडतच नाहीये. योंके, आता मुळीच पडत नाहीये!"

"मिन्क्या," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना, "तू चौथ्यात आहेस."

मिन्कोने काट्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. मग त्याने हॉर्न दाबला आणि पुढच्या गावापर्यंत सोडला नाही.

बुधवारी अंधार पडून माश्या परतल्यावर त्यांनी चौदा पेट्यांची दारं जाळीने बंद केली, पेट्या ट्रेलरवर पट्ट्यांनी आवळल्या आणि उजाडायच्या सुमाराला निघाले. शिपकाचा घाट समोर उभा होता, वळणावर वळणं, आणि मागे चौदा पेट्यांची गुणगुण. पहिल्या चढावर योंकाने सीट घट्ट धरली. दुसऱ्या चढावर तिने कान टवकारले. तिसऱ्या वळणावर गाडीने आपणहून गिअर खाली घेतला, दम भरला, वर घेतला. जसा चांगला हमाल ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतो, तसा. घाटमाथ्यावर धुकं फाटलं आणि उतरणीवर सूर्य आला.

"तू गाऊ लागलास, मिन्को."

"मी? नाही."

"मग माश्या गात असतील."

स्पासच्या रानात पोचले तेव्हा नऊही वाजले नव्हते. आदल्याच दिवशी फुलं उमलली होती. सगळा डोंगरउतार पांढरा, आणि वास असा की जिभेवर गोड लागावं. मिन्को कुबडीवर उतरला, एकेका पेटीची जाळी काढत गेला आणि माश्या धाग्यासारख्या सरळ झाडांकडे निघाल्या. योंका गाडीखाली वाकून बघत होती. एक थेंब नव्हता.

त्या हंगामात अकेशियाचा मध इतका निघाला की बरण्या कमी पडल्या आणि डोब्रीच्या बायकोने आपल्या लोणच्याच्या बरण्या दिल्या. जूनमध्ये रांगेल स्वतः गाडी बघायला आला. त्याने राडोवोच्या रस्त्यावर दोन चकरा मारल्या, उतरला, टोपी काढली आणि म्हणाला, "मावशी, कारखान्यात तुम्ही काय करत होता म्हणालात?"

"मी म्हणाले नव्हते. तू विचारलं नव्हतंस."

रांगेल खाली मान घालून हसला. पुढच्याच आठवड्यात तो एक ठोकळा फडक्यात गुंडाळून तिच्या दाराशी घेऊन आला. मग आणखी एक. योंकाने त्याला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "आधी दाब मोजायचा, मग माझ्याकडे यायचं. न मोजलेलं मी हातात घेत नाही." त्याने गेज विकत घेतलं.

खानावळीतली नोकरी तिने सोडली नाही. पोरांना सूप दुसऱ्या कुणी नीट वाढलं नसतं, असं तिचं ठाम मत होतं. पण दोनच्या पुढे स्वयंपाकघराचं टेबल तिचं आणि मिन्कोचं. मिन्कोने बुटांच्या खोक्यांचे पुठ्ठे संपवले, तेव्हा गावातल्या दुकानदाराने त्याच्यासाठी खोकी साठवायला सुरुवात केली.

ऑक्टोबरमध्ये एक दिवस प्लोव्हदिव्हहून एक तरुण बाई आली. गाडी फाटकाबाहेर उभी केली, घाबरत घाबरत आत डोकावली. "इथे कुणी ऑटोमॅटिक बघतं असं ऐकलं. तीन वर्कशॉप झाले. सगळे म्हणतात, मेलाय."

योंका मिरच्या भाजत होती. तिने झारा बाजूला ठेवला, हात पुसले आणि आतल्या खोलीकडे वळून हाक मारली, "मिन्को! बाहेर ये, पाहुणी आलीय." मग त्या बाईकडे वळली. "बस आधी. आणि सावकाश सांग. कुठल्या गिअरला, गार असताना की गरम असताना, आणि आवाज कसा येतो?"